जाफराबादला नेलेले तीन गॉगल

भर एप्रिलात जालन्याला निघालेय म्हटल्यावर दुकानातल्या मुली हसायला लागल्या. "आक्का, लोक उन्हाळ्यात साताऱ्याकडं येतात. तुम्ही उलट्या चाललाय!" मी म्हटलं, "हसा. माझी बहीण तिकडं बाराही महिने राहते, तिला कोण हसत नाही."

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. अर्धं आयुष्य लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात गेलंय. माझी धाकटी बहीण कुंदा दिलीय जालना जिल्ह्यातल्या जाफराबादला. तिचे मालक गौतमराव काळी-पिवळी चालवतात, म्हणजे शिटा भरून जाणारी जीप. जाफराबाद, भोकरदन, धावडा, परत जाफराबाद. वर्षानुवर्षं उघड्या खिडकीतून वारा, धूळ आणि ऊन खाऊन त्यांच्या उजव्या डोळ्यात मांस वाढलं होतं. आमच्याकडं जुनी माणसं त्याला वडस म्हणतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरट पापुद्रा सरकत सरकत बुबुळावर चढतो. महिन्याभरापूर्वी जालन्याला त्याचं ऑपरेशन झालं, आणि कुंदाचा फोन आला. "आक्का, डॉक्टरनं चांगला गॉगल घालायला सांगितलंय. इथं सगळे रस्त्यावरच्या टोपलीतले. तू तुझ्या दुकानातला घेऊन ये. आणि एक, आलीस की तोंड सांभाळ. गुरुजींपुढं एक शब्द वाकडा नको."

गुरुजी म्हणजे गौतमरावांचे थोरले भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. कुंदाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीवरून मी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं. चूक दोन्हीकडची होती, पण जीभ माझी चालली. पुढं कितीतरी दिवस कुंदाला सासरी मान खाली घालावी लागली. म्हणून मी तिला शब्द दिला, की या खेपेला तोंडाला कुलूप.

गॉगल मात्र मनापासून निवडले. लोकांचा समज असा की काच जितकी काळी तितका गॉगल चांगला. अहो, काळेपणाचा आणि डोळ्याच्या रक्षणाचा काही संबंध नाही! ऊन अडवतो तो काचेतला गुण, रंग नव्हे. साध्या काळ्या काचेमागं अंधार होतो, डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि नको ते किरण उलट जास्त आत शिरतात. गौतमरावांसाठी तपकिरी काचेचा पोलराइज्ड घेतला. डांबरावरची आणि समोरच्या गाडीच्या काचेवरची तिरीप तो मारून टाकतो, आणि तपकिरी रंगात खड्डा, गुरंढोरं, लाल दिवा सगळं ठळक दिसतं. काड्या रुंद घेतल्या, कडेनं वारा शिरू नये म्हणून. भाची प्राची पोलीस भरतीसाठी पळते. तिला चेहऱ्याला गच्च लपेटणारा, पिसासारखा हलका, नाकाला आणि कानाला रबर असलेला घेतला. घामानं घसरला आणि पडल्यावर फुटला, तर तो खेळाचा गॉगल कसला! कुंदासाठी रोजच्या वापरातला, मोठ्या काचांचा, जरा जांभळट कडांचा. प्रत्येक गॉगल हातभर लांब धरून दाराच्या चौकटीकडं बघितलं, हलवला. चौकटीची रेघ वाकडीतिकडी नाचली की काच वाईट, माणसाचं डोकं उठणारच. तिन्हींत रेघ सरळ राहिली, तेव्हा पिशवीत टाकले.

जालना

बसचा प्रवास सांगण्यासारखा नाही, उकडून निघाले एवढंच. स्टँडवर गौतमराव उभे होते. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. "ताई, जल्दी चला, आधी मोसंबीचा ज्यूस घ्या, न्हाईतर चक्कर येईन." जालन्याची मोसंबी! आमच्याकडं मोसंबी आजारी माणसाला नेतात, तिथं घरच्या पाण्यासारखी पितात. दोन ग्लास प्याले तेव्हा कुठं डोकं ठिकाणावर आलं.

त्याच दिवशी त्यांची तपासणी होती, म्हणून मीही दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डोळा बघितला आणि सरळ सांगितलं, "जखम छान भरलीय. पण चष्म्याशिवाय गाडीवर बसायचं नाही. ऊन, वारा, धूळ, तिन्हीपासून जपायचं. हे मांस परत येतं, आणि परत आलं की आधीपेक्षा जोरात येतं. बुबुळाच्या मधोमध गेलं तर मग काढूनही डाग राहतो. गाडी सोडावी लागेल." मी पिशवीतून तपकिरी गॉगल काढून दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि मान डोलावली. "असाच पाहिजे." माझी छाती फुगली.

बाहेर आल्यावर मी तो गौतमरावांपुढं धरला. "घ्या, आत्ताच चढवा."

त्यांनी दोन्ही हात मागं घेतले. "न्हाई ताई. घरी न्या. आमच्या घरात नवी चीज दादाच्या हातातून घ्यायची. जीपची चावीबी दादानंच दिल्ती."

"अहो, ती चावी होती. हे औषध आहे!"

"एका दिसानं काय होतंय? अन् डॉक्टर काय बोल्ले ते दादाला सांगू नका. बिलकुल नका. म्हणतेन, गाडी ईक. मी त्यांना सांगितलंय, थेंब टाकायचेत फकस्त."

वडील गेले तेव्हा गौतमराव अगदी लहान. गुरुजींनी स्वतः लग्न केलं नाही, भावाला वाढवला, त्याचं लग्न लावलं. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी गॉगल पुन्हा पिशवीत ठेवला. आमच्याकडं ज्याच्यासाठी आणलं त्याच्या हातात देऊन मोकळं होतात. पण ज्याचं घर त्याची रीत, असं मी मनाला सांगितलं.

जाफराबाद

घर गावाच्या कडेला. पुढं केळणा आणि पूर्णा या दोन नद्या मिळतात, पण एप्रिलात तिथं पाण्यापेक्षा वाळू जास्त. गुरुजी ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. पांढराशुभ्र सदरा, जाड भिंगांचा नंबरचा चष्मा. "जयभीम ताई, या. बऱ्याच दिवसांनी आमचं घर आठवलं." टोमणा होता की माया, कळलं नाही. मी जयभीम घातला आणि तोंड मिटून आत गेले. कुंदा पदराआडून हसत होती.

जेवायला येसराची आमटी, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ, वर्षाचं करून ठेवतात. भाज्या महागल्या की तेच घराला तारतं. इतकी झणझणीत आमटी, की माझ्या डोळ्यांतून पाणी. गुरुजी म्हणाले, "साताऱ्याचं तिखट मोठं ऐकलं होतं." सगळे हसले, मीही हसले. वाटलं, जुनं सगळं धुऊन निघालं.

जेवणं झाल्यावर मी रीतीप्रमाणं पिशवी गुरुजींच्या हातात दिली. त्यांनी वरचीच डबी उघडली. तपकिरी गॉगल. त्यांनी तो उजेडात धरला. "वा! भारी वस्तू आहे." आणि मी 'हा गौतमरावांचा' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात गौतमरावच म्हणाले, "दादा, आधी तुमी लावून तर बघा."

गुरुजींनी नंबरचा चष्मा काढून खिशात ठेवला आणि गॉगल चढवला. प्राचीनं टाळ्या वाजवल्या. "मोठे पप्पा, एकदम कडक!" शेजारून आलेल्या दोघीतिघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आणि खोटं कशाला बोलू, शोभत होता त्यांना. ते माझ्याकडं वळले. "ताई, आजवर पाहुणे आले, मला टॉवेल-टोपी आणली. असली हौस कुणी केली न्हाई. तुम्ही माझ्यासाठी आणला?"

ओसरीवर सगळे माझ्याकडं बघायला लागले. गौतमराव झटकन म्हणाले, "हौ दादा, तुमच्यासाठीच आणला ताईनं." आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं हात जोडून बघावं. कुंदानं मागून माझ्या कमरेला चिमटा काढला. मी म्हटलं, "हो गुरुजी, तुमच्यासाठीच."

जन्मात कुणाची भीड धरली नाही, ती त्या एका क्षणी धरली. काय दुर्बुद्धी झाली मला!

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी हातात मोबाइल घेऊन वैतागलेले. "काल बराबर होता. आज आडवा धरला की काळा पडतो. बिघडला." सदरा घालून ते बाजारात दुरुस्तीला निघालेसुद्धा. मला हसू आवरेना. "अहो गुरुजी, मोबाइल ठीक आहे. गॉगल काढा आणि बघा." त्यांनी काढला, पडदा दिसला. घातला, पुन्हा काळा. लहान मुलासारखं चारपाचदा करून बघितलं.

"हे कसं काय?"

"ही काच तिरीप मारते. मोबाइलचा उजेडही त्यातलाच. हा गॉगल मुळात गाडी चालवणाऱ्यांचा असतो."

गुरुजी थांबले. "गाडी चालवणाऱ्यांचा? मंग मला कशाला आणला?"

असा सरळ प्रश्न, समोर दार उघडलेलं. एक वाक्य बोलले असते तरी काम झालं असतं. कुंदा चुलीपाशी उभी, नको नको म्हणून जोरजोरात मान हलवत होती. मी म्हटलं, "उन्हालाही चांगला असतो, गुरुजी." त्यांनी "असं होय" म्हटलं आणि पुन्हा चढवला. मनात मी म्हणाले, बघा म्हाताऱ्याचा शौक! नंबर सोडून गॉगल लावून बसलाय. माझा राग त्यांच्यावर निघत होता, आणि तो अगदी चुकीच्या माणसावर निघत होता, हे तेव्हा कुठं माहीत होतं.

धावड्याच्या वाटेवर

प्राचीचं मात्र छान जमलं. उजाडताच ती भोकरदनच्या रस्त्यावर पळायला जायची. परतताना ऊन तोंडावर यायचं, तरी तिचा गॉगल जागचा हलत नव्हता. "मावशी, आता डोळे मिटत न्हाईत माझे, नाकासमोर पळते," म्हणाली. तीनपैकी एक तरी बरोबर नाकावर बसला, तेवढंच समाधान.

कुंदानं रात्रभर विचार करून आपला जांभळट गॉगल नवऱ्याला दिला होता. "घाला, काच तर तीच गुणाची आहे." मी गौतमरावांशेजारी पुढच्या सीटवर बसले, धावड्यापर्यंत एक फेरी बघायला. गाव ओलांडल्यावर त्यांनी तो घातला. पहिल्याच थांब्यावर शिटा चढल्या आणि मागून सुरू झालं.

"गौतम, आज गाडी हिरोईन चालवून राह्यली का?"

"वैनीचा चष्मा घातला, मंग साडी कुठं ठिवली?"

गाडीभर खदखदून हसू. गौतमरावही हसले, गॉगल काढला आणि समोरच्या कप्प्यात टाकला. मी मागं वळून म्हटलं, "हसा हसा! त्यांचा डोळा गेला म्हणजे तुम्हाला काय बैलगाडीत घालून न्यायचं?" पण गौतमरावांनीच मला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या ताई. रोजचे लोक हायेत."

मग उघड्या डोळ्यांनी गाडी चालली. कापूस निघून गेलेली रानं, वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग, मध्येच मोसंबीची हिरवी बाग. कुठं रस्त्याचं काम चाललेलं, तिथं समोरचा डंपर मुरूम उडवत चाललेला. गौतमराव डोळे बारीक करून, एक हात कपाळाशी धरून गाडी हाकत होते. उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते दस्तीनं पुसायचे, म्हणजे रुमालानं, आणि ती दस्तीही धुळीनं माखलेली. मला बघवेना.

धावड्याला उतरलो. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, उन्हानं करपून तपकिरी झालेले. हॉटेलात चहा सांगितला, आणि मी मनातलं सगळं ओकले. "गौतमराव, आत्ता भोकरदनला थांबू. दुसरा घेऊन देते. तसाच नाही मिळाला, तर निदान त्यातला बरा बघून देते."

ते बशीकडं बघत म्हणाले, "अन् दादानं इचारलं तर? तुला लागत व्हता, तर माझ्या डोळ्यावर कशाला चढवला, म्हणतेन. लगेच काढून देतेन. दिलेलं परत घ्यायचं का, ताई? त्या माणसानं आयुष्यात सोतासाठी काय घेतलं न्हाई. कधी न्हाई ते आरशात बघून राह्यले."

"मग साताऱ्याहून पाठवते."

"पार्सल दादाच्याच हातात पडन." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "उन्हाळा सरू द्या. मंग घेतो, दादाच्या ध्यानातबी येणार न्हाई. मी गेल्तो ना डॉक्टरकडं, सगळं बराबर हाय."

पुढचे वाद माझ्याकडं पुष्कळ होते. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर भावाबद्दलची इतकी माया होती, की मी चहा पिऊन उठले. मला अजून कळत नाही, मायेपुढं गप्प बसायचं असतं की बोलायचं असतं.

निघायच्या दिवशी गुरुजी ओसरीवर गॉगल लावून उभे राहिले. ऊन कलून गेलं होतं, अंगणात सावली होती, तरी गॉगल होताच. त्यांनी निरोपाचा हात केला, तो जीपकडं नाही, जरा बाजूला केला. मी म्हटलं, ऐटीत आहेत गुरुजी. प्राचीनं मोसंबीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडी हलली.

परतल्यावर

कुंदाचे फोन येत होते. एकदा म्हणाली, गौतमरावांनी भोकरदनच्या बाजारातून एक काळाकुट्ट गॉगल घेतलाय. जीपमध्ये लपवून ठेवतात, गाव सोडलं की घालतात. मी फोनवरच उसळले. "काळा? टोपलीतला? त्यापेक्षा उघडे डोळे परवडले! सांग त्यांना, त्या काचेमागं ऊन दुप्पट शिरतं." तिनं सांगितलं, आणि त्यांनी माझा शब्द मानून तोही काढून टाकला.

आता वाटतं, काय गरज होती? ऊन नसतं अडलं, पण धूळ अडली असती, वारा अडला असता. अर्ध्या कामाचा का होईना, आडोसा होता तो. सगळं कळणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? पाऊस आला, गेला, कापूस वेचून झाला. 'मंग घेतो'मधलं मंग काही आलं नाही. मीही दिवाळीच्या गर्दीत विचारायची राहिले.

पुन्हा मार्च लागला, तेव्हा दुकानात फोन वाजला. गुरुजी होते. त्यांनी मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता.

"ताई, काल गौतमला घेऊन जालन्याला गेल्तो. डोळ्यात मांस परत आलंय, मधोमध. डॉक्टर त्याला रागावले. म्हणाले, मी चष्म्याशिवाय गाडी चालवू नको म्हणलो व्हतो, चष्मा दाखवलाबी व्हता मला, तपकिरी. कुठं हाय तो? गौतम खाली बघून म्हणतो, हरवला साहेब. अन् मी शेजारी बसलेलो, ताई. तोच गॉगल लावून."

मी हातातला चष्मा काउंटरवर ठेवला.

"ऑपरेशन पुन्हा करतेन. पण डाग राहणार, म्हणले. जीप आता दुसरा चालवतो. गौतम घरी बसून राह्यला. त्याला गॉगल दिला, तर हातात घेईना."

"गुरुजी, तुम्हाला तो इतका आवडला होता..."

"मला? ताई, मला नंबराशिवाय हातभर लांबचं दिसत न्हाई. मोतीबिंदूबी हाय. त्या गॉगलातून निव्वळ अंधार. दोनदा पायरीवरून पडलो. पण तुम्ही एवढ्या लांबून आणलेला. लग्नातलं ते झाल्यापासून तुमचं मन दुखलेलं. म्हणलं, काढला तर पाहुणीला वाटन, अजून राग धरून हाय. म्हणून वर्षभर घातला."

दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. मी सगळ्यांदेखत रडायला लागले.

"तुम्ही तर बोलणाऱ्या बाई," गुरुजी म्हणाले. "मी तोंडावर इचारलं व्हतं, मला कशाला आणला म्हणून. का न्हाई बोलल्या?"

"तुमचा मान राखला, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, "त्याच्या डोळ्यापेक्षा माझा मान मोठा कधी झाला, ताई?"